अकरा घरांना शिवलेला कावळा

आमचे पणजोबा बडोदे संस्थानच्या खानगी खात्यात कारकून होते. दिवाण नव्हते, कारकूनच. पण आमच्या घरी त्यांच्याबद्दल अशा आवाजात बोलतात की ऐकणाऱ्याला वाटावं, महाराज सही करण्याआधी एकदा त्यांच्याकडे बघून घेत असणार. मांजलपूरच्या आमच्या सोसायटीत अशी अकरा मराठी घरं होती आणि प्रत्येकाचे पणजोबा कुठल्या ना कुठल्या खात्यात होते. बाकीची घरं गुजरात्यांची. त्यांचे पणजोबा काय करायचे ते त्यांना ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून त्यांचं काही अडतही नव्हतं.

एक घर मात्र चिन्यांचं होतं. फाटकातून आत आलं की पहिलंच टेनामेंट. पुढच्या खोलीत दवाखाना आणि बाहेर लाल अक्षरांत पाटी, ‘चायनीज डेन्टिस्ट’. ‘चायनीज’ हा शब्द ‘डेन्टिस्ट’पेक्षा मोठा काढला होता, कारण गिऱ्हाईक त्याच शब्दावर यायचं. दात काढावा तर चिन्यानंच, त्यांचा हात हलका, अशी तेव्हा आमच्याकडे पक्की समजूत होती. दात काढायची ती बाई. मागच्या खोलीत तिचा नवरा दिवसभर गुलाबी मेण आणि प्लास्टर घेऊन कवळ्या घडवत बसायचा. तो फारसा बोलायचा नाही. ती दोघांच्या वाटचं बोलायची.

मी तिला डॉक्टरमावशी म्हणायची. ती आईच्याच वयाची. चीन तिनं आमच्याइतकाच पाहिला होता, म्हणजे टीव्हीवर. जन्म आसामातला. बासष्टच्या लढाईत सरकारनं तिच्या घरादाराला चिनी म्हणून उचलून राजस्थानातल्या छावणीत नेऊन ठेवलं, तेव्हा ती बारा वर्षांची होती. सुटका झाली तोवर आसामातलं घर लिलावात निघालं होतं. बडोद्याला तिच्या वडिलांचे कुणी लांबचे भाऊ दात बसवायचा धंदा करत, म्हणून ही मंडळी इथे उतरली ती उतरलीच. हे सगळं ती शाळेची सहल सांगावी तसं सांगायची. “तिकडे ऊंट होते ने,” एवढंच तिच्या छावणीचं वर्णन. आम्हीही त्यापुढे कधी विचारलं नाही. आम्हाला उंटांतच रस होता.

ती आईच्या सवाष्णींच्या यादीत कशी शिरली, त्याची गोष्ट अशी. मी शाळेत असताना एका चैत्रात, नेमकं हळदीकुंकवाच्या दिवशी सकाळी, आईची दाढ ठणकायला लागली. मावशीनं ती दहा मिनिटांत उपटून आईच्या हातात ठेवली. आईच्या तोंडात कापसाचा बोळा. अशा अवस्थेत आभार मानता येईनात, म्हणून तिनं हातवारे करून संध्याकाळचं बोलावणं केलं. पाचच्या ठोक्याला मावशी रेशमी साडी नेसून हजर. तिनं बसल्या बसल्या सगळे नियम विचारून घेतले. आधी हळद का? ओटीत हरभरेच का? उजव्या हाताच्या कुठल्या बोटानं लावायचं? आमच्या बायकांना यातलं निम्मं सांगता येईना. मग मावशीनं ते स्वतःच कुठून कुठून गोळा केलं आणि दोन-तीन वर्षांत ती आम्हालाच चुका दाखवायला लागली.

पुढे तर आमच्या चैत्रगौरीची आरास तिच्याशिवाय होईनाशी झाली. गौरीमागचा हिमालय तिच्याकडच्या प्लास्टरचा आणि पायाशी गुलाबी कमळं कवळीच्या मेणाची. पाकळीन् पाकळी नवऱ्यानं कोरलेली. सगळ्या बडोद्यात असली गौर कुणाकडे नव्हती. बायका आंब्याची डाळ खायला यायच्या आणि कमळांना हात लावून बघायच्या. ती कमळं ज्या मेणाची आहेत त्याचीच आपल्या सासूबाईंची हिरडी घडली आहे, हे कुणी मनावर घ्यायचं नाही.

असं बरीच वर्षं चाललं. मग सार्स आला.

आला म्हणजे टीव्हीवर आला. आमच्याकडे नुकतंच केबल घेतलं होतं आणि बातम्यांच्या वाहिन्या दिवसभर चालू असायच्या. त्यांवर चीनमधून निघालेल्या या श्वासाच्या साथीपायी मास्क लावलेले लोक विमानतळावरून चालताना दिसायचे. तीच माणसं, तोच विमानतळ, दिवसातून वीस वेळा. आठवड्याभरात आमच्या सोसायटीला खात्री पटली की हे लोक विमानतळावरून निघालेत ते थेट मांजलपूरला यायला.

मावशी तीस वर्षं मास्क लावूनच काम करत होती. आधी मास्क लावला की ती डॉक्टर दिसायची, आता रोगी दिसायला लागली. दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसायला जागा मिळायची नाही, त्या बाकावर आता कुत्रं झोपायला लागलं. गंमत म्हणजे दवाखान्यापासून पन्नास पावलांवर मंचुरियनची लारी, म्हणजे हातगाडी, होती. तिच्यावरही ‘चायनीज’ असंच लिहिलेलं, शिवाय ड्रॅगन काढलेला. तिथली गर्दी एका माणसानंही कमी झाली नाही. मास्कला घाबरून मावशीच्या दारावरून लांबून जाणारी माणसं पुढे जाऊन लारीवर प्लेटभर मंचुरियन चापायची. त्या लारीवाल्याचं गाव मेहसाण्याकडचं होतं, हे बहुधा रोगजंतूंना माहीत असावं.

आमच्या घरात मावशीच्या बाजूनं एकच माणूस होता, ते म्हणजे बाबा. तेही तत्त्वासाठी नव्हे. त्यांचे सगळे दात फेब्रुवारीत काढून झाले होते आणि कवळी मागच्या खोलीत अर्धवट पडली होती. “शाथ आली तरी चालेल,” ते बोळक्या तोंडानं म्हणायचे, “दात आले पाहिजेत.” आई त्यांना घराबाहेर सोडत नव्हती.

चैत्र लागला. गौर बसली. मावशीचा नवरा नेहमीप्रमाणे कमळं देऊन गेला, आईनं ती नेहमीप्रमाणे मांडली. हळदीकुंकवाचा दिवस ठरला आणि त्याच्या आदल्या दिवशी महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई आमच्याकडे आल्या. वय सत्तरीच्या पुढचं, निवृत्त मुख्याध्यापिका, अजूनही समोरच्याला वर्गाबाहेर उभं केल्यासारखं बोलायच्या. पाणी नको, चहा नको, उभ्या उभ्याच म्हणाल्या, “ती येणार असेल तर आम्ही कुणीच येणार नाही. तुमचं तुम्ही ठरवा.”

आई रात्रभर कुढली असेल असं मला वाटलं होतं. पण सकाळी ती ताजीतवानी उठली, कारण तिला तोडगा सुचला होता. “तिची ओटी घरी पाठवायची,” ती म्हणाली. “डाळ, पन्हं, हळदीकुंकू, सगळं ताटात मांडून. ऊन किती आहे, तिला कशाला त्रास? तिचा मानही राहील आणि कुणाला काही बोलायलाही जागा नको.”

बाबा वर्तमानपत्रातून वर न बघता म्हणाले, “चौऱ्याण्णव शाली पुण्याला तुला चहा कुठे दिला होता?”

हे आईच्या वर्मी लागणारं होतं. सुरतेत प्लेग झाला त्या वर्षी आम्ही एका लग्नासाठी पुण्याला आत्याकडे गेलो होतो. बडोदं म्हणजे सुरतच, असं आत्याला वाटलं. तिनं आम्हाला जिन्यात सतरंजी घालून दिली आणि वरच्या पायरीवर चहाचे कप ठेवून दार लावून घेतलं. आई परतीच्या गाडीत भरूचपर्यंत रडत होती. त्यानंतर तिनं नणंदेचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. सोसायटीत कुणी पुण्याची स्तुती केली की ती त्यांना जिन्याची गोष्ट सांगायची.

“तो प्लेग होता,” आई म्हणाली. “आणि आपण काय तिला जिन्यात बसवतोय? आपण तर घरपोच पाठवतोय.”

ताट घेऊन मला पाठवलं. मी तेव्हा चोवीस वर्षांची, अलकापुरीत एका कम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला जायची आणि स्वतःला फार आधुनिक समजायची. बडोद्याच्या मुली स्कूटीवर निघताना उन्हासाठी ओढणी तोंडाभोवती गुंडाळतात, डोळे तेवढे उघडे ठेवतात. मी त्या दुपारी तशीच ओढणी गुंडाळली. आमच्या घरापासून मावशीचं घर चौथं. स्कूटी काढलीच नव्हती. चार घरं चालत जायला कुठली मुलगी डाकूसारखी निघते?

मावशीनं दार उघडलं, ताटाकडे पाहिलं, मग माझ्या ओढणीकडे. “तुमच्याकडे कोणी वारलं काय?” तिनं विचारलं.

“नाही. का?”

“ओटी घरी मोकलतात ती दोनच वेळेला, बेटा. एक तर सुतक. नाही तर ती बाई अडचणीत बसलेली. मी तर दोन्हीमध्ये नाही.”

मी उन्हाचं काहीतरी पुटपुटले. तिनं ताट घेतलं, आत जाऊन रिकामं केलं, रीतीप्रमाणे त्यात साखर घालून परत दिलं. मग हसून म्हणाली, “काही वांधो नाही. एवढी वर्षं तुमच्याकडे खाल्लं. आता शुक्रवारी माझ्याकडे हळदीकुंकू. मी सगळ्यांना बोलवायला येते.”

आणि ती खरंच आली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नवी साडी नेसून, हातात करंडा घेऊन अकराही घरांच्या दाराशी गेली. आत कुठेच शिरली नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहून स्वच्छ मराठीत म्हणाली, “शुक्रवारी पाच वाजता हळदीकुंकवाला यायचं हं, नक्की.” प्रत्येकीनं घाबरून मान हलवली.

आता आली का पंचाईत! हळदीकुंकवाचं बोलावणं आलं की नाही म्हणू नये, कुंकवाला पाठ फिरवू नये, हे आमच्या बायकांना बाळकडूसोबत पाजलेलं. उगीच नवऱ्याच्या जिवाला घोर! त्यामुळे एका बाजूला सार्स आणि दुसऱ्या बाजूला वैधव्य, असा पेच पडला. मंडळाची तातडीची बैठक आमच्याच घरी भरली. एकीचं म्हणणं, चिनी बाईला गौर बसवायचा अधिकारच नाही, तेव्हा बोलावणं लागू होत नाही. दुसरी म्हणाली, गौर कुणाची का असेना, कुंकू ते कुंकू. तिसरीनं विचारलं, रुमालावर कुंकू घेतलं तर चालेल का? अध्यक्षीणबाई बराच वेळ डोळे मिटून बसल्या होत्या. मग त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, “अडचण आली तर कुणाचाच इलाज नसतो.”

सगळ्यांचे चेहरे एकदम उजळले. त्या शुक्रवारी आमच्या सोसायटीत एकच कावळा सकाळी सकाळी निघाला आणि ओळीनं अकरा घरांना शिवून गेला. त्यांतल्या चौघींना नातवंडं होती. एकीचा नातू तर बारावीला होता.

साडेचारला आईनं मला पुन्हा पाठवलं. “सांग, आई बाजूला बसली आहे. फार वाईट वाटतंय म्हणून सांग.” आमच्या घरी प्रत्यक्षात कुणी बाजूला बसत नसे. देवाधर्माच्या कार्याला जायचं टाळण्यापुरतीच ती सोय उरली होती, आणि आईनं ती आयुष्यभर लग्नं, मुंजी, बारशी, नको असलेल्या सगळ्या ठिकाणी वापरली होती. सवयीनं तोंडातून निघालं आणि सवयीनंच मी ते उचलून घेऊन गेले. दोघींपैकी एकीनंही क्षणभर थांबून विचार केला नाही.

मावशीनं दवाखान्याची खोली रिकामी केली होती. दाताची खुर्ची आत सरकवता येत नाही, म्हणून तिच्यावर चादर घालून वर हार घातला होता. चौरंगावर पितळी अन्नपूर्णा, भोवती मेणाची कमळं, आमच्यापेक्षा दुप्पट. जमिनीवर अकरा आसनं. अकरा वाट्यांत डाळ वाढून वर झाकणं. पन्ह्याचं पातेलं. अत्तरदाणी, गुलाबदाणी. तिचा नवरा स्वच्छ सदरा घालून आतल्या दारात उभा होता. पुरुषांचं तिथे काही काम नसतं हे त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं, पण तो इतका उत्सुक दिसत होता की तिनंही सांगितलं नसावं.

“मावशी, आई येऊ शकत नाही,” मी म्हणाले. “ती बाजूला बसली आहे.”

मावशीनं हातातली फुलं खाली ठेवली. “सकाळपासून दहा फोन आले,” ती म्हणाली. “सगळ्या एकदम. एवढं तर लेडीज हॉस्टेलमध्येपण होत नाही. तुमच्या प्रेसिडेन्टबाईपण! त्यांची कवळी मी केली आहे बेटा, मला त्यांचं वय माहीत आहे.” मी हसले. हसायचीच गोष्ट होती. ती मात्र हसत नव्हती. ती माझ्याकडे बघत म्हणाली, “त्यांचं समजले. पण तुझ्या आईची पिशवी काढली तेव्हा तिच्याजवळ कोण होतं?”

चार वर्षांपूर्वी आईचं गर्भाशय काढलं होतं. माझी शेवटच्या वर्षाची परीक्षा चालू होती आणि बाबांना रक्त पाहिलं की भोवळ येते. मावशीनं तीन दिवस दवाखाना बंद ठेवला आणि ती आईच्या खाटेशी बसली. आईचं लुगडं तिनं बदललं, बेडपॅन तिनं दिलं, काढलेली पिशवी डॉक्टरांनी भांड्यात आणून दाखवली तीही तिनंच पाहिली. जगात एकाच बाईला हे खोटं सांगता येण्यासारखं नव्हतं, आणि आम्ही नेमकं तिलाच सांगत होतो.

“पिशवी नसताना पाळी येते म्हणजे मोठी बिमारी,” मावशी शांतपणे म्हणाली. “आईला उद्या दवाखान्यात ने. उशीर नको करू.”

मला तिथून पळून जायचं होतं. पण तिनं मला पहिल्या आसनावर बसवलं. “तू तर ठीक आहेस ने? की तुलापण शिवला?” मी मान हलवली. ती माझ्यासमोर वाकली, उजव्या हाताच्या बोटानं हळद लावली, मग कुंकू. तिचा चेहरा माझ्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होता. मी श्वास रोखून धरला होता. एवढी शरम वाटत असतानासुद्धा मी श्वास रोखला होता, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तिला कळलं असणार. लोकांच्या तोंडाशी तोंड नेऊन तिचा जन्म गेला होता. कोण कधी श्वास धरतो हे तिला कळणार नाही तर कुणाला?

अकरा वाट्यांतली डाळ तिनं एका डब्यात भरून माझ्या हाती दिली. उन्हाळा आहे, टिकणार नाही, म्हणाली. घरी बाबांनी ती आवडीनं खाल्ली. वाटलेल्या डाळीला दात लागत नाहीत. आईला मी मावशीचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. ती स्वयंपाकघरात पाटावर बसली होती. मग एकदम उठली, पदर नीट केला आणि दिवेलागणीच्या सुमाराला चार घरं चालत गेली. मी तिच्या मागे. या वेळी ओढणी खांद्यावर होती.

मावशी जाळीच्या दाराआड उभी राहिली. तिनं कडी काढली नाही.

“माझं चुकलं,” आई म्हणाली. “मला आत घ्या.”

“कसं घेऊ, भाभी? तुम्ही बाजूला बसल्या आहात. आत माझी अन्नपूर्णा मांडली आहे.” आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. “चार दिवस शिवायचं नाही. पाचव्या दिवशी न्हाऊन या. आवजो.”

मला वाटलं, आई घरी येऊन चिडेल, निदान रडेल तरी. तिनं मागच्या खोलीत चटई टाकली आणि ती बाजूला बसली. खरोखर बसली. पिशवी काढलेली त्रेपन्न वर्षांची बाई चार दिवस ताट-वाटी वेगळी घेऊन कोपऱ्यात. मी तिला समजावलं, की हा निव्वळ वेडेपणा आहे. ती म्हणाली, “तिला सांगितलं ते आता निदान खरं तरी होऊ दे.” बाबांना कुकर लावता येत नव्हता. मी क्लासला जाण्याआधी खिचडी टाकायची. दोन वेळा करपली. बाबा जेवताना मागच्या खोलीकडे तोंड करून मोठ्यानं विचारायचे, “कावळा गेला का गं?” मंडळाच्या दोघी-तिघी सहज म्हणून डोकावल्या. आईला चटईवर बघून त्या दारातूनच परतल्या. सगळ्यांनी मिळून ठरवलेलं खोटं एकीनं पाळायला घेतलं, यात काहीतरी फसवणूक झाल्यासारखं त्यांना वाटलं असावं.

पाचव्या दिवशी पहाटे आई डोक्यावरून न्हायली. केस ओलेच, तशीच ठेवणीतली साडी नेसून गेली. मावशीनं दार पूर्ण उघडलं, तिला आत घेतलं, हळदीकुंकू लावलं, ओटी भरली, पन्हं दिलं. बाबांची कवळी तयार होती, तीही दिली. दोघी तासभर बोलत बसल्या. भाव वाढल्याचं, माझ्या लग्नाचं, पाय दुखण्याचं. आई घरी आली तेव्हा तिचा चेहरा फुलला होता. “मिटलं बाई,” ती म्हणाली. “मन मोठं आहे हो तिचं.” बाबांनी नवे दात लावून चणे खाल्ले. पावसाळा येईपर्यंत टीव्हीवरून सार्स गेला आणि मावशीच्या बाकावरून कुत्रं उठलं. अध्यक्षीणबाई कवळी सैल झाली म्हणून पहिल्याच आठवड्यात तिच्याकडे गेल्या, आणि मावशीनं ती विनातक्रार घट्ट करून दिली.

पुढच्या चैत्रात आई मला घेऊन बोलावणं करायला निघाली तेव्हा तिनं पहिलं घर मावशीचं धरलं. मुद्दाम, सगळ्यांना दिसावं म्हणून. दवाखान्यात एक म्हातारा आ करून बसला होता. मावशीनं मास्क खाली केला, हात पुसले आणि आईच्या करंड्यातलं कुंकू कपाळाला लावून घेतलं.

“उद्या पाच वाजता,” आई म्हणाली. “तुमच्याआधी कुणालाच लावणार नाही मी. तुम्ही पहिल्या.”

“जरूर आले असते, भाभी,” मावशी म्हणाली. तिचा चेहरा अगदी नेहमीसारखा होता, गोड. “पण काय करू? मी बाजूला बसले आहे.”

ती चोपन्न वर्षांची होती. दुसऱ्याचा जबडा तसाच उघडा ठेवून भर दवाखान्यात उभी होती. आईनं करंड्याचं झाकण लावलं. मग आई म्हणाली, “बरं. जपा हं तब्येतीला.” आम्ही पुढच्या घरी गेलो.

त्यानंतर दरवर्षी आई जायची आणि दरवर्षी मावशीला अडचण असायची. बाकी कशात फरक पडला नाही. माझ्या लग्नात ती हॉलवर आली, जेवली, आहेर केला. आईचे उरलेले दात तिनंच काढले आणि पैसे घेतले नाहीत. फक्त आमच्या घराचा उंबरा तिनं ओलांडला नाही. मावशी साठीची झाली तेव्हा मी आईला म्हटलं, आता तरी एकदा सरळ विचार ना तिला, अजून किती वर्षं? आई करंडा भरत होती. ती म्हणाली, “कुठल्या तोंडानं विचारू?” आणि चपला घालून बोलावणं करायला गेली.